प्रभागातील खर्चाची विचारणा, पुणे

महापालिकेने आपल्या भागात कशावर किती पैसे खर्च केले, ते काम खरोखर लागत होते का, आणि गल्लीचे रूप बदलले ते कोणाला विचारून, असे प्रश्न रहिवाशांनी लेखी आणि कागदांच्या आधारे विचारण्याची पुण्यातील प्रथा. क्षेत्रीय कार्यालयातील मोहल्ला कमिटीची बैठक, माहिती अधिकाराचा अर्ज, सोमवारची फाइल पाहणी, अंदाजपत्रकासाठी दिलेली सूचना आणि विकास आराखड्यावरील हरकत या तिच्या मुख्य वाटा आहेत. खर्च होऊन गेल्यावर जाब विचारण्यात पुणेकर तरबेज झाले आहेत. खर्च ठरण्याआधी विचारले जाण्याचा हक्क मात्र त्यांना अजून पुरता मिळालेला नाही, आणि या प्रथेचे सारे यशापयश या फरकात आहे.

पुणे नगरपालिका १८५७ मध्ये स्थापन झाली. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात तिचे सदस्य होते. १८८० च्या सुमारास व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी १ हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर लावावा, असे सांगून फुल्यांनी त्याला विरोध केला. विरोधी मत देणारे ते एकटेच होते. शुक्रवार पेठेत मोठी मंडई बांधण्याच्या खर्चालाही त्यांचा विरोध होता; शाळांना पैसे नाहीत आणि इमारतीला आहेत, हे त्यांना मान्य नव्हते. मंडई १८८६ मध्ये उभी राहिलीच आणि पुढे तिला त्यांचेच नाव देण्यात आले. आज प्रभागात एखादी कमान किंवा सुशोभीकरण निघाले की ‘याआधी काय करायला हवे होते’ असा जो प्रश्न पुण्यात उठतो, त्याची परंपरा अशी थेट नगरपालिकेच्या सभागृहातून आलेली आहे.

कायद्याची चौकट बरीच नंतरची. १ जून १९९३ पासून लागू झालेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने ३ लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. पण या समित्यांत बसतात ते मुख्यतः नगरसेवकच. त्यामुळे मतदारांना स्वतः बसून बोलता यावे, यासाठी २००९ मध्ये महाराष्ट्राने महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. ठरवून दिलेल्या मतदान केंद्रांच्या हद्दीतील सगळे मतदार तिचे सदस्य, आणि नगरसेवक अध्यक्ष. आपल्या भागातील कामे सुचवायची, त्यांचा प्राधान्यक्रम लावायचा आणि उणिवा दाखवायच्या, हे तिचे काम. केंद्राच्या नेहरू नागरी पुनर्निर्माण योजनेचा निधी हवा असेल तर असा कायदा करणे राज्यांना भाग होते. म्हणून कायदा झाला, पण सभा काही भरेनात. खेड्यात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा भरते, तिथे सरपंचाला खर्चाचा हिशेब तोंडावर विचारता येतो. शहरात राहायला आलेल्या माणसाला ते व्यासपीठ उरत नाही. ही उणीव साधी नाही, कारण बाकीच्या सगळ्या वाटा तिची भरपाई करता करता निर्माण झाल्या आहेत.

त्यांपैकी सर्वांत परिचित म्हणजे मोहल्ला कमिटी. मुंबईत १९९२-९३ च्या दंगलींनंतर याच नावाने सुरू झालेले शांततेचे काम वेगळे. पुण्यात ही क्षेत्रीय कार्यालयात महिन्यातून एकदा भरणारी बैठक असते. पाणी, ड्रेनेज, पथ, अतिक्रमण आणि आरोग्य या खात्यांचे अधिकारी समोर बसतात आणि नागरिक आपापली तक्रार मांडतात. बैठकीचे मोल तिच्या इतिवृत्तावर ठरते. मागच्या महिन्याची तक्रार कोणत्या अधिकाऱ्याकडे गेली आणि तिचे काय झाले, हे लिहून आणून वाचून दाखवण्याचा आग्रह जिथे रहिवाशांनी धरला, तिथे कामे हलली. जिथे नुसतेच ऐकून घेतले गेले, तिथे तेच पाच-सहा ज्येष्ठ नागरिक दर महिन्याला तोच खड्डा सांगत राहिले. नोकरदार आणि वस्तीतील लोक या बैठकांना क्वचितच येतात, कारण वेळ कार्यालयीन असते. ठरावीक सोसायट्यांच्या अडचणींनाच संपूर्ण प्रभागाच्या अडचणी समजले जाते ते यामुळेच.

पैशाचा माग काढायचा तर अंदाजपत्रक वाचता यावे लागते. आयुक्त ते स्थायी समितीला सादर करतात, स्थायी समिती त्यात आपली भर घालते आणि मुख्य सभा मंजुरी देते. २०२५-२६ चे पुण्याचे अंदाजपत्रक १२ हजार ६१८ कोटी रुपयांचे होते. एवढ्या रकमेत आपल्या गल्लीचे काम शोधायचे, तर पुण्यातील जाणकार आधी ‘स’ यादी उघडतात. नगरसेवकांनी सुचवलेली प्रभागातील कामे या यादीत असतात: पदपथ, ड्रेनेज लाइन, दिव्यांचे खांब, बाक, विरंगुळा केंद्र, नामफलक. कापडी पिशव्या आणि कचऱ्याच्या बादल्या वाटण्याचे खर्चही प्रभागाच्या निधीतूनच होत आले आहेत, आणि त्यांवर सर्वाधिक टीका झाली ती रास्तच होती. पाण्याची लाइन बदलायला पैसे नाहीत, असे ज्या प्रभागात सांगितले जाते, तिथेच नाव छापलेल्या पिशव्या दारोदार जातात. दुसरा शब्द लक्षात ठेवायचा तो वर्गीकरण. एका कामासाठी ठेवलेली तरतूद वर्ष संपत आले की दुसऱ्या कामाकडे वळवली जाते, त्याला महापालिकेत वर्गीकरण म्हणतात. मंजुरी मिळालेले काम अंदाजपत्रकात दिसते आणि जागेवर मात्र नसते, यामागे बहुतेक वेळा वर्गीकरण असते. मार्चअखेर निधी परत जाऊ नये म्हणून धडधाकट पदपथ उखडून तिथे नवे ब्लॉक बसवण्याची लगबग सुरू होते. पुण्यातील नागरिकांचे पुष्कळ अर्ज याच काळातील कामांबद्दल असतात.

जाब विचारण्याचे खरे हत्यार माहिती अधिकाराने दिले. केंद्रीय कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला; महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा त्याआधीपासून होता. अर्जाचे शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. पुण्याने यात आपली एक पद्धत घातली. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात कोणत्याही नागरिकाने अर्जाशिवाय यावे आणि फाइल पाहावी, असे महापालिकेत ठरले. ‘सजग नागरिक मंच’सारख्या संस्थांनी ही वेळ नेटाने वापरली. सुमारे दशकभर ती पुण्यात रुजल्यावर २०१८ मध्ये राज्य शासनाने जिल्हास्तरीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांना तशीच सोमवारची पाहणी लागू केली. पुण्याने राज्याला दिलेली ही फार मोलाची गोष्ट आहे. अर्ज करून महिनाभर वाट पाहणाऱ्याला उत्तरात ‘माहिती उपलब्ध नाही’ असे कळते. टेबलावर फाइल उघडलेली असली की ते म्हणणे सोपे राहत नाही.

एका पदपथाची फाइल घेऊ. सुरुवातीला पूर्वगणनपत्रक, म्हणजे कामाच्या खर्चाचा आधी केलेला अंदाज: किती मीटर लांबी, किती रुंदी, कोणत्या जाडीचे ब्लॉक, आणि दरसूचीप्रमाणे प्रत्येक बाबीचा दर. मग निविदा. ठेकेदाराने पूर्वगणनापेक्षा किती टक्के कमी दराने काम घेतले, हा आकडा इथे मिळतो, आणि तो पंचवीस-तीस टक्के कमी असेल तर अनुभवी कार्यकर्ता तिथेच थांबतो. एवढ्या कमी पैशात सांगितलेला माल बसणार कसा, हा त्याचा पहिला प्रश्न. त्यानंतर कार्यादेश, त्यावर काम सुरू आणि पूर्ण करण्याच्या तारखा. पुढे मोजमाप पुस्तिका, ज्यात कनिष्ठ अभियंत्याने जागेवर जाऊन घेतलेली मापे आणि सही असते. ठेकेदाराचे बिल या मापांवरच निघते. शेवटी कामाआधीचे व नंतरचे फोटो आणि दोषदायित्वाचा कालावधी. या कालावधीत ब्लॉक खचले तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. हे न कळल्यामुळे अनेकदा त्याच पदपथाच्या दुरुस्तीसाठी पुन्हा निविदा निघते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

मग मोजपट्टी घेऊन जागेवर जायचे. पुस्तिकेतील रुंदी आणि प्रत्यक्ष रुंदी जुळते का, झाडाच्या आळ्यांची व ड्रेनेजच्या झाकणांची जागा वजा केली आहे का, एक सुटा ब्लॉक उचलून त्याची जाडी ८० मिलिमीटर आहे की ६०. कागदावर ८० आणि हातात ६० आला, तर वादाला जागाच उरत नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २ मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा अधिकार स्पष्टपणे आहे, म्हणजे रस्त्याच्या डांबराचा तुकडाही रीतसर मागता येतो. कागद मागणाऱ्यांच्या मानाने नमुना मागणारे फार थोडे, आणि अभियंते खरे बिचकतात ते त्यांनाच. महापालिकेचा स्वतःचा मुख्य लेखापरीक्षकही असतो. त्याच्या अहवालातील आक्षेप आणि वसूलपात्र रकमा वाचल्या, तर नागरिकांना वाटणारी शंका प्रशासनाच्या दप्तरी आधीच नोंदलेली सापडते.

खर्च होण्याआधी बोलता यावे, यासाठी पुण्याने केलेला प्रयोग म्हणजे अंदाजपत्रकातील नागरिकांचा सहभाग. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ मध्ये सुरू केलेल्या पद्धतीवरून घेतलेला हा उपक्रम पुण्यात २००६-०७ च्या अंदाजपत्रकापासून आला. नागरिकांनी विहित अर्जावर आपल्या भागातील काम सुचवायचे, क्षेत्रीय कार्यालयाने त्याचा खर्च काढायचा, प्रभाग समितीने निवड करायची. एका कामाला ५ लाख रुपयांची मर्यादा. पर्यावरण शिक्षण केंद्र, ‘जनवाणी’ अशा संस्थांनी लोकांपर्यंत तो नेण्यासाठी खूप कष्ट घेतले. त्यातून बसथांबे, दिवे, बाक आणि पदपथ झाले, हे खरे. परंतु पोर्तो अलेग्रेत लोक सभेत एकत्र बसून आपापसात प्राधान्य ठरवत. पुण्यात प्रत्येकाने एकट्याने अर्ज भरायचा आणि निवड दुसऱ्याने करायची, त्यामुळे गाभाच निसटला. आपली सूचना का नाकारली, हे अर्जदाराला बहुधा कळत नाही. अर्ज करणाऱ्यांची संख्या शहराच्या मानाने अगदीच थोडी राहिली, त्याला हेच कारण पुरेसे आहे.

जबाबदारी कोणाची, हे ठरवणेही अवघड होत गेले. २००७ च्या निवडणुकीत एका प्रभागाला एक नगरसेवक होता. २०१२ मध्ये दोन झाले आणि २०१७ मध्ये बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे झाले. ४१ प्रभाग आणि १६२ नगरसेवक. प्रभागाची सरासरी लोकसंख्या ७५ हजारांच्या घरात गेली. काम चांगले झाले की चौघांचे फलक लागतात आणि बिघडले की चौघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. ‘परिवर्तन’ या संस्थेने माहिती अधिकारातून नगरसेवकांची हजेरी आणि निधीचा वापर मांडून दाखवला, त्याची गरज यामुळे अधिकच भासली.

परिसराचे रूप बदलणारे मोठे निर्णय तर प्रभागाच्या हातात नसतातच. तिथे रहिवाशांकडे असते ती हरकत. जुन्या हद्दीचा विकास आराखडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यावर ८० हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या. सुनावणी घेणाऱ्या सातजणांच्या नियोजन समितीत तीन महापालिकेचे आणि चार शासननियुक्त तज्ज्ञ. त्यांचे एकमत न झाल्याने दोन वेगळे अहवाल निघाले, शासनाने २०१५ मध्ये आराखडा आपल्याकडे घेतला आणि जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केला. हरकत घेणाऱ्यांना कोणता बदल कोणामुळे झाला, ते शेवटपर्यंत नीट समजले नाही. मुंबईत २०१५ मध्ये चित्र वेगळे दिसले: तिथे विकास आराखड्याच्या मसुद्यातील चुका नागरिकांनी इतक्या बारकाईने दाखवल्या की, मुख्यमंत्र्यांना तो मागे घेऊन सुधारित मसुदा करायला सांगावे लागले. पुण्यात एप्रिल २०२३ मध्ये वेताळ टेकडीवरून जाणाऱ्या बालभारती-पौड फाटा रस्त्याविरुद्ध आणि मुळा-मुठा नदीकाठ सुधार प्रकल्पातील वृक्षतोडीविरुद्ध मोठे मोर्चे निघाले. झाड तोडण्यापूर्वी त्यावर नोटीस चिकटवून हरकती मागवाव्या लागतात. टेकडी आणि नदीकाठच्या रहिवाशांनी या नोटिसा वाचून एकमेकांना कळवण्याची सवयच लावून घेतली. विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल सुमारे दीड दशकातच, २०२० मध्ये, मेट्रो आणि नव्या दुमजली पुलासाठी पाडला गेला. आधीच्या पुलाचे नियोजन चुकल्याचे सांगणाऱ्यांचे म्हणणे वेळीच कोणी ऐकले असते, तर तो पैसा वाचला असता.

१५ मार्च २०२२ पासून पुण्यात निवडून आलेल्या सभागृहाऐवजी प्रशासकाचा कारभार सुरू झाला. अंदाजपत्रक मांडणारा आणि मंजूर करणारा अधिकारी एकच. स्थायी समिती नाही, मुख्य सभा नाही, त्यामुळे तिथल्या चर्चेतून बाहेर येणारी माहितीही बंद झाली. या काळात सोमवारच्या पाहणीवरचा भार वाढला, कारण प्रश्न विचारायला तेवढीच जागा उरली होती. महापालिकेची निवडणूक १५ जानेवारी २०२६ रोजी झाली आणि १६५ सदस्यांचे सभागृह निवडून आले. क्षेत्रसभांच्या हद्दी आखून त्या नियमाने भरवाव्यात, ही नागरी संघटनांची जुनी मागणी आता या सभागृहापुढे आहे.