खांद्यावर केळीचा घड, दंडात पोटॅशियम

रावेर-यावलकडं केळीची काढणी चालू असली की घड वाहणाऱ्या माणसाचा हात बघावा. वीस-पंचवीस किलोचा घड खांद्यावर घेऊन बागेतून गाडीपर्यंत, की परत दुसऱ्यासाठी माघारी. चार खेपांत दंड तटतटतात. त्या स्नायूंना आता बसल्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त रक्त हवं असतं, आणि मेंदूच्या हुकमाची वाट न बघता ते मिळतंही. निरोप देणाऱ्यांपैकी एक असतं पोटॅशियम. ठिबकमधून आपण पोटॅश सोडतो, त्यातलंच.

पेशीच्या आत पोटॅशियम लिटरमागे सुमारे १४० मिलिमोल, बाहेर जेमतेम ४-५. स्नायू आखडला की दर वेळी थोडं बाहेर झिरपतं आणि शेजारच्या बारीक धमनीभोवती त्याचं प्रमाण वाढतं.

गंमत इथंच आहे. बाहेर पोटॅशियम वाढलं तर आतलं बाहेर पडायला कचरतं, पेशीची आतली बाजू कमी ऋण होते, म्हणजे खरं तर धमनी आवळायला हवी. फारच वाढलं तर आवळतेही. पण १०-१५ मिलिमोलपर्यंत उलटं घडतं. धमनीच्या भिंतीतल्या स्नायुपेशींना पोटॅशियमची काही दारं अशी असतात, की बाहेर ते थोडं वाढलं की ती जास्तच उघडतात. पेशीतलं पोटॅशियम धन भार घेऊन निघून जातं, आतली बाजू आणखी ऋण होते, आणि विद्युतदाबावर चालणारी कॅल्शियमची दारं मिटतात. कॅल्शियमशिवाय भिंत आवळणार कशी? ती सैलावते. व्यास नुसता २० टक्के वाढला तरी, दाब तोच असेल तर, रक्त दुपटीनं वाहतं.

(सोडियम आकारानं लहान, तरी या दारांतून जात नाही. ते का, हे दाराची रचना उलगडून रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये दाखवलं. २००३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.)

अशीच दुसऱ्या जातीची दारं उघडणारं औषध म्हणजे मिनॉक्सिडिल. रक्तदाबाची गोळी म्हणून आलं, रुग्णांच्या अंगावर केस उगवू लागले, आणि आज मेडिकलवर ते टकलासाठी मागतात.

मग केळी खाल्ली की धमन्या रुंदावतात का? तसं नाही. एका केळ्यात साधारण ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं खरं, पण जास्तीचं मूत्रपिंड बाहेर काढतं. मूत्रपिंड अधू असेल तर मात्र केळ्याचंही डॉक्टरांना विचारावं. दंडातला खेळ त्या जागेपुरताच. घड गाडीत चढला, माणूस बांधावर टेकला, की पेशींचे पंप झिरपलेलं पोटॅशियम आत ओढून घेतात आणि धमन्या हळूहळू पहिल्यासारख्या होतात. तोवर पुढच्या खेपेची हाक आलेली असते.