सामूहिक वनहक्क: नमुना 'क'चा दावा कसा टाकायचा, कागद कोणते लागतात

वनहक्क कायद्याखाली जंगलावर गावाचा दावा टाकायचा म्हटलं की पुष्कळ गावं नमुना 'ब' भरतात आणि तिथेच थांबतात. त्यातून निस्तार (सरपणासारख्या घरगुती गरजांसाठी जंगलाचा वापर), चराई, मासेमारी, गौण वनोपज (मोहफुलं, डिंक, बांबू वगैरे) असे वापराचे हक्क मिळतात. जंगल राखण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क मात्र नमुना 'क'चा दावा मान्य झाल्यावरच पदरात पडतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक हक्क मिळाला आणि पुढे तिथली ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. म्हणून 'ब' टाका, पण 'क' अजिबात सोडू नका.

हा दावा ग्रामसभेचा असतो, कुणा एकाचा नाही. अनुसूचित क्षेत्रात पाड्याची किंवा टोल्याची ग्रामसभाही तो करू शकते. गावात अनुसूचित जमातीची किंवा 13 डिसेंबर 2005 पूर्वी तीन पिढ्या (75 वर्षं) जंगलावर अवलंबून राहिलेली थोडी कुटुंबं असली तरी पुरतं. अर्जासोबत ग्रामसभा सदस्यांची यादी जोडा आणि प्रत्येकाच्या नावापुढे तो कोणत्या गटातला ते लिहा.

आधी ग्रामसभेत वनहक्क समिती निवडा. तिच्यात 10 ते 15 सदस्य, त्यांत किमान एक तृतीयांश महिला. ग्रामसभेला तिचे निम्मे सदस्य हजर हवेत, हजर असणाऱ्यांतही एक तृतीयांश महिला. ठरावावरच्या सह्या-अंगठे नीट घ्या. ठराव कच्चा राहिला की पुढे तोच आडवा येतो.

खरं काम नकाशाचं आहे, त्याला घाई करू नका. जाणत्या म्हाताऱ्यांना आणि मोहफुलं, डिंक, कंद गोळा करणाऱ्या बायांना घेऊन शिवफेरी (गावाच्या हद्दीवरून फेरी) करा. सरपण कुठून येतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. नाले, पाणवठे, देवराई, दहनभूमी, गुरं चरायची जागा, सगळं नकाशावर मांडा. कक्ष क्रमांक (वनविभागाने जंगलाच्या तुकड्यांना दिलेले नंबर) माहीत असतील तर लिहा. शेजारच्या गावाशी हद्दीचा घोळ असेल तर दोन्ही वनहक्क समित्यांनी एकत्र बसून लेखी तोडगा काढावा. नाहीच जमलं तर तो विषय प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील उपविभागीय समितीकडे जातो.

पुरावे किमान दोन. निस्तारपत्रक (गावाच्या जंगल वापराच्या हक्कांची नोंद), वाजिब-उल-अर्ज (गावाच्या रूढी-वहिवाटीची महसुली नोंद), गॅझेटियर (जिल्ह्याची सरकारी माहितीपुस्तिका), वनविभागाची कार्य आयोजना (वर्किंग प्लॅन) चालतात. दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो. अमुकच कागद हवा असा हट्ट कुणी धरू शकत नाही आणि उपग्रह चित्र फक्त पूरक असतं.

स्थळ पाहणीची लेखी सूचना वन आणि महसूल विभागाला द्या, पोच जपून ठेवा. त्यांचं कुणी आलं नाही आणि नंतर त्याच कारणाने हरकत घेतली, तर दावा फेरपाहणीसाठी ग्रामसभेकडे परत येतो. तेव्हाही ते गैरहजर राहिले, तर पाहणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम.

मग ठरावासह दावा उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समितीकडे जातो. नामंजुरीची कारणं लेखी मागा, तो तुमचा हक्क आहे. उपविभागीय समितीचा निर्णय पटला नाही, तर 60 दिवसांत जिल्हा समितीकडे दाद मागता येते.

हक्कपत्र हातात आलं की त्यातलं क्षेत्र आणि सीमा आपल्या नकाशाशी ताडून पाहा. त्यानंतर ग्रामसभेने व्यवस्थापन समिती नेमून संवर्धनाचा आराखडा करायचा. गौण वनोपजाचा वाहतूक परवानाही हीच समिती किंवा ग्रामसभेने नेमलेली व्यक्ती देते.