युरेनस म्हणजे आपला वरुण नव्हे

ग्रीकांचा आकाशदेव युरेनस, मूळ उच्चार ऊरानोस, म्हणजे आपला वरुणच, असं आपल्याकडे वर्षानुवर्षं सांगितलं जातं. एकोणिसाव्या शतकात मॅक्स म्युलरसारख्या मोठ्या अभ्यासकांनाही हे साम्य पटलं होतं, त्यामुळे ते मनात घर करून बसलं. पण नावं कानाला सारखी लागली म्हणून मूळ एक ठरत नाही. 'वरुण'मधला 'उण' आणि 'ऊरानोस'मधला 'आनोस' ध्वनिनियमांत, म्हणजे एकाच मुळाच्या भाषांत ध्वनी कसे बदलत जातात त्या नियमांत, जुळत नाहीत. आज बहुतेक भाषाशास्त्रज्ञ ऊरानोसचं मूळ 'वोर्सानोस' असं मानतात, म्हणजे पाऊस पाडणारा. त्याचं नातं आपल्या 'वर्षा'शी, 'वर्षावा'शी! मला तर हे नातं जास्त सुंदर वाटतं.

कथाही वेगळ्या. ऊरानोसला त्याचाच मुलगा क्रोनोस विळ्याने घायाळ करून पदच्युत करतो. वरुण ऋग्वेदात ऋताचा, म्हणजे विश्वाच्या नियमाचा, रक्षक आहे, पाशांनी अपराध्याला बांधणारा.

खरा भाऊबंद शोधायचाच तर तो ऊरानोसचा नातू झ्यूस. वैदिक 'द्यौष्पितर्', ग्रीक 'झेउस पातेर', रोमन 'ज्युपिटर': तिन्हींचा अर्थ आकाशपिता, आणि इथे ध्वनीही नियमाने जुळतात.