रेंज कमी की गर्दी जास्त? मंद वाय-फायची दोन सारखी दिसणारी कारणे

राउटर शेजारच्याच खोलीत आहे, लॅपटॉपवर सिग्नलच्या कांड्या भरलेल्या दिसत आहेत आणि तरीही घरातल्या एका संगणकावरून दुसऱ्यावर एक साधी फाइल पाठवायला दहा मिनिटे लागत आहेत. अशा वेळी बहुतेक जण एकच निदान करून मोकळे होतात, ते म्हणजे ‘रेंज नीट येत नाही’. मग राउटरची जागा बदलली जाते, अँटेना फिरवून पाहिले जातात, रेंज वाढवणारे यंत्र विकत आणले जाते. कधी याने खरोखर फरक पडतो, कधी काहीच फरक पडत नाही, तर कधी वेग होता त्याहून खाली येतो. याचे कारण असे की, लॅपटॉपसमोर बसलेल्या माणसाला एकसारख्याच जाणवणाऱ्या या मंदपणामागे दोन पूर्णपणे वेगळी कारणे असू शकतात. एक म्हणजे सिग्नल क्षीण असणे आणि दुसरे म्हणजे ज्या चॅनेलवर, म्हणजे लहरींच्या ज्या ठरावीक मार्गिकेवर, राउटर बोलतो तो चॅनेल गजबजलेला असणे. पहिल्यात राउटरचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचत नाही, तर दुसऱ्यात आवाज स्वच्छ पोहोचतो, पण बोलायची पाळीच येत नाही.

त्याआधी एक गोष्ट बाजूला काढली पाहिजे. लॅपटॉप केबलने राउटरला जोडून पाहावा. केबलवरही वेग तितकाच कमी असेल, तर दोष वाय-फायचा नसून बाहेरून येणाऱ्या इंटरनेटचा किंवा राउटरचा आहे, आणि मग पुढचा सारा विचार व्यर्थ ठरतो. मात्र केबलवरचा वेग नेमका ९४ मेगाबिटच्या आसपास येऊन थांबत असेल, तर राउटरचा पोर्ट १०० मेगाबिटचा आहे किंवा केबलमधली एखादी तार तुटली आहे, असे समजावे. त्या आकड्यावरून वाय-फायविषयी कोणताही निष्कर्ष काढू नये.

आता सिग्नलकडे वळू. वाय-फायच्या सिग्नलची ताकद डीबीएम या एककात मोजतात आणि ती नेहमी उणे आकड्यात येते. उणे ५० हा उत्तम सिग्नल, उणे ६७च्या आसपास व्हिडिओवर बोलणे सुखाने चालते आणि उणे ८०च्या पलीकडे जोडणी टिकली तरी तिच्यात जीव राहत नाही. हे माप पायरीपायरीने नव्हे तर पटीपटीने चढते-उतरते, ही गोष्ट फार जण ध्यानात घेत नाहीत. उणे ६०वरून उणे ७०वर आलो म्हणजे सिग्नल ‘थोडा’ कमी झाला नाही, तो दहावा हिस्सा उरला. नुसत्या ३ एककांच्या घटीने शक्ती निम्मी होते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ६ एकके जातात. भिंती, लोखंडी सळ्यांचे काँक्रीट, धातूचा थर असलेले आरसे आणि पाण्याने भरलेल्या टाक्या यांच्यात जाते ती घट वेगळीच. विंडोजमध्ये सिग्नल टक्क्यांत दाखवला जातो. तिथे १०० टक्के म्हणजे उणे ५० आणि शून्य टक्के म्हणजे उणे १००. म्हणून ५० टक्के हा आकडा ‘निम्मा सिग्नल’ असा वाचला, तर मोठी गफलत होते. तो उणे ७५ असतो, म्हणजे पूर्ण सिग्नलचा तीनशेवा हिस्साही नाही.

सिग्नल क्षीण झाला की राउटर आणि लॅपटॉप जोडणी तोडत नाहीत, ते सावकाश बोलू लागतात. प्रत्येक लहरीवर कमी माहिती लादायची, म्हणजे ती पलीकडे न चुकता वाचता येते, असा हा व्यवहार आहे. दोन अँटेना असलेला आणि ८० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलवर चालणारा वाय-फाय ५ प्रकारचा लॅपटॉप राउटरजवळ ८६६ मेगाबिटचा दर दाखवतो; तोच लॅपटॉप दोन भिंतींपलीकडे नेला की तो दर पायऱ्या उतरावा तसा खाली येतो. या दराला लिंक स्पीड म्हणतात. हा केवळ हवेतून बोलण्याचा दर आहे, फाइल पोहोचण्याचा नव्हे. उत्तम परिस्थितीतही प्रत्यक्ष वेग त्याच्या साधारण निम्मा ते दोन तृतीयांश भरतो, कारण पोच देणे, थांबणे आणि एकमेकांशी जुळवून घेणे यांत बाकीचा वेळ जातो. ८६६ दिसताना ५०० मिळणे हा दोष मानू नये.

क्षीण सिग्नलची आणखी एक बाजू आहे. बोलणे दोन्हीकडून असते आणि लॅपटॉपची प्रक्षेपणशक्ती सहसा राउटरपेक्षा कमी असते. त्यामुळे लांबच्या खोलीत राउटरचे बोलणे लॅपटॉपला ऐकू येते, पण लॅपटॉपचे उत्तर राउटरपर्यंत धडपणे पोहोचत नाही. अशा ठिकाणी डाउनलोड बरे चालते आणि अपलोड रखडते. राउटरच्या सेटिंगमध्ये शक्ती वाढवून हा प्रश्न सुटत नाही, कारण त्याने लॅपटॉपचा आवाज मोठा होत नाही.

गर्दीचे तंत्र निराळे आहे, आणि माझ्या मते घरोघरी तेच अधिक दुर्लक्षिले जाते. वाय-फायमध्ये हवा सर्वांची सामाईक असते. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचे, बोलण्यापूर्वी कान देऊन ऐकायचे, कोणी बोलत असेल तर थांबायचे आणि शांतता झाल्यावरही क्षणभर आणखी वाट पाहून मगच बोलायचे, हा नियम घरातल्या उपकरणांना लागू आहे तसाच शेजारच्या घरातल्या उपकरणांनाही. शेजाऱ्याचे नेटवर्क वेगळ्या नावाचे आणि वेगळ्या पासवर्डचे असले तरी चॅनेल तोच असेल, तर दोघेही एकाच रांगेत उभे असतात.

या रांगेत हिशेब माहितीचा नव्हे, वेळेचा होतो. समजा, १५०० बाइटांचे, म्हणजे १२,००० बिटांचे, एक पाकीट (फाइलचा एक छोटा तुकडा) पाठवायचे आहे. ६०० मेगाबिटच्या दराने ते हवेत सुमारे ०.०२ मिलिसेकंद राहते. तेच पाकीट दूरच्या कोपऱ्यातला एखादा जुना फोन ६ मेगाबिटच्या दराने पाठवू लागला, तर त्याला २ मिलिसेकंद लागतात, म्हणजे शंभर पट. त्या दोन मिलिसेकंदांत जवळचा, उत्तम सिग्नलचा, महागडा लॅपटॉप काहीही करू शकत नाही. तो नुसता थांबलेला असतो. दोघांना आळीपाळीने एकेक पाकीट पाठवायची संधी मिळत असेल, तर जलद लॅपटॉपचा वेगही त्या संथ फोनच्या पातळीकडे ओढला जातो. आणि या सगळ्या काळात सिग्नलच्या कांड्या पूर्ण भरलेल्याच असतात, कारण त्या राउटरचा आवाज किती मोठा आहे एवढेच मोजतात, बोलायला किती वेळ मिळतो हे त्या मोजतच नाहीत.

वाय-फाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या लहरींच्या दोन पट्ट्यांत चालते; त्यांपैकी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ही गर्दी हमखास आढळते. बहुतेक देशांत तेथे १ ते १३ क्रमांकांचे चॅनेल आहेत, पण ते एकमेकांपासून फक्त ५ मेगाहर्ट्झवर आहेत आणि प्रत्येक नेटवर्क किमान २० मेगाहर्ट्झ जागा व्यापते. त्यामुळे एकमेकांवर न चढणारे असे १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल हाती उरतात. इथे एक चूक पुष्कळ जण सद्हेतूने करतात: १ वर आणि ६ वर गर्दी दिसते, म्हणून मधला ३ निवडतात. हे रांगेत उभे राहण्यापेक्षाही वाईट ठरू शकते. एकाच चॅनेलवरची दोन नेटवर्के एकमेकांचे बोलणे समजून पाळी तरी देतात; अर्धवट चढलेल्या चॅनेलवरचे बोलणे मात्र उलगडत नाही, ते नुसता कलकलाट म्हणून ऐकू येते, पाकिटे बिघडतात आणि पुन्हा पाठवावी लागतात.

अशा कलकलाटात वाय-फाय नसलेल्या वस्तूही भर घालतात. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, ब्लूटूथही याच पट्ट्यात फिरते. यांच्याइतकाच उपद्रवी, पण कोणाच्या ध्यानीमनी नसलेला घटक म्हणजे लॅपटॉपला लावलेली यूएसबी ३ ची डिस्क. तिच्या जोडणीतून आणि केबलीतून निघणारा रेडिओ-गोंगाट २.४ गिगाहर्ट्झपर्यंत पसरतो. इंटेलने २०१२ मध्ये त्यावर तांत्रिक टिपण प्रसिद्ध केले होते. लॅपटॉपचे अँटेना बहुधा पडद्याच्या चौकटीत असतात आणि डिस्क त्यापासून वीतभर अंतरावर ठेवलेली असते. वाय-फायवरून फाइल त्याच डिस्कवर उतरवताना वेग कोसळत असेल आणि डिस्क काढताच सावरत असेल, तर राउटरला दोष देण्याचे कारण नाही. डिस्क लांब केबलने दूर ठेवावी किंवा लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर न्यावा.

मग ओळखायचे कसे? मॅकवर ऑप्शनची कळ दाबून धरून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केले की सिग्नल, गोंगाट, चॅनेल आणि दर हे चारही आकडे एकत्र दिसतात. विंडोजमध्ये वाय-फाय जोडणीच्या गुणधर्मांत लिंक स्पीड आणि चॅनेल सापडतो. हे आकडे फाइल जात असतानाच वाचावेत, कारण जोडणी निवांत असताना दाखवलेला दर पुष्कळदा फसवा असतो. प्रत्यक्ष वेग मोजायला इंटरनेटवरची चाचणी वापरू नये. केबलने राउटरला जोडलेला दुसरा संगणक घेऊन दोहोंमध्ये आयपर्फसारखे साधन चालवावे, म्हणजे फक्त घरातला रस्ता मोजला जातो.

सिग्नल उणे ७८ आणि लिंक स्पीड दोन आकडीच असेल आणि प्रत्यक्ष वेग त्याच्या निम्म्याजवळ असेल, तर रेंजच कमी आहे. उलट सिग्नल उणे ५०, लिंक स्पीड ८६६ आणि प्रत्यक्ष वेग ६०–७० असेल, तर ती गर्दी आहे: बोलण्याचा दर चांगला आहे, बोलायला वेळ मिळत नाही. या दोहोंच्या मध्ये तिसरी स्थिती येते, ज्यात सिग्नल जोरकस असूनही लिंक स्पीड पडलेला असतो. अशा वेळी गोंगाटाचा आकडा पाहावा. शांत हवेत तो उणे ९० ते ९५ असतो. सिग्नल उणे ६५ आणि गोंगाट उणे ९२ असेल, तर दोघांत २७ एककांची फट आहे आणि जोडणी वेगाने बोलू शकते; गोंगाट उणे ७५ पर्यंत चढला तर फट १० वर येते आणि कांड्या होत्या तशाच राहूनही दर घसरतो. याच स्थितीत दर ५४ मेगाबिटच्या वर कधीच जात नसेल, तर राउटरची सुरक्षा-पद्धत जुन्या टीकेआयपी किंवा वेपवर राहिली आहे का, हेही तपासावे. नवीन वेगांना त्या पद्धतींसह परवानगी नाही. डब्ल्यूपीए२ आणि एईएस निवडले की हा बांध फुटतो.

साधन काहीच हाताशी नसेल, तर मी पिंगवर, म्हणजे दुसऱ्या यंत्राला हाक देऊन उत्तर किती वेळात येते ते दाखवणाऱ्या आज्ञेवर, विसंबतो. राउटरच्या पत्त्याला, जो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, सतत पिंग सुरू ठेवावे आणि ओळी सरकताना पाहावे. निरोगी जोडणीवर १, २, २, ३ असे मिलिसेकंदांचे आकडे एका लयीत येत राहतात. बिघाड असेल तर मध्येच ४०, १८०, ९५ असे उसळते आकडे दिसतात. उसळी दोन्ही कारणांनी येऊ शकते, म्हणून एका नजरेवर निर्णय देऊ नये. लॅपटॉप त्याच टेबलावर ठेवून दुपारी आणि रात्री दहाला, म्हणजे सगळ्या घरांत व्हिडिओ चालू असताना, हेच पाहावे. मग एकाच सुमारास आधी राउटरजवळ आणि लगेच आतल्या खोलीत पाहावे. वेळेनुसार बदलते ती गर्दी आणि जागेनुसार बदलते ती रेंज.

हा भेद कळण्यावर इतका जोर देण्याचे कारण उपायांमध्ये आहे, कारण एकाचा उपाय दुसऱ्याला अपायकारक ठरतो. रेंज वाढवणारे साधे यंत्र राउटरच्याच चॅनेलवर ऐकते आणि त्याच चॅनेलवर पुन्हा बोलते. प्रत्येक पाकीट हवेतून दोनदा जाते, म्हणजे त्या यंत्रामागचा वेग फार तर निम्मा राहतो. क्षीण सिग्नलच्या खोलीत हा सौदा परवडतो. गर्दीच्या चॅनेलवर तो गर्दी दुप्पट करतो. तिथे असे यंत्र केबलने राउटरला जोडावे आणि त्याला वेगळा चॅनेल द्यावा. चॅनेलची रुंदी २० वरून ४० मेगाहर्ट्झ केल्याने कागदावरचा दर दुपटीहून थोडा वाढतो, पण २.४ गिगाहर्ट्झचा सारा पट्टाच जेमतेम ८३ मेगाहर्ट्झचा आहे. त्यातला अर्धा व्यापून बसणे म्हणजे आणखी शेजाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभे राहणे. गर्दीत रुंदी २० वरच ठेवावी.

५ गिगाहर्ट्झवर जाणे हा गर्दीवरचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे, कारण तिथे चॅनेल पुष्कळ आहेत आणि भिंतींमुळे शेजाऱ्यांचा आवाजही कमी पोहोचतो. तोच गुण रेंजच्या बाबतीत अवगुण होतो: नुसत्या मोकळ्या हवेतच २.४च्या तुलनेत ६–७ एकके अधिक जातात. ज्या खोलीत २.४वर सिग्नल उणे ७५ आहे, तिथे ५वर जाण्याचा सल्ला निरुपयोगी आहे; आधी राउटर मध्यावर, उंचावर आणि कपाटाबाहेर आणावा. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेले असेल, तर लॅपटॉप कोणत्या पट्ट्यावर आहे ते चॅनेलच्या क्रमांकावरून कळते: १ ते १४ म्हणजे २.४ आणि साधारण ३६च्या पुढचे ५ गिगाहर्ट्झचे. ५२ ते १४४ या चॅनेलांवर रडारला पहिला हक्क आहे. तिथे गर्दी सहसा कमी असते, पण रडार आढळले की राउटरला जागा सोडावी लागते आणि अशा नव्या चॅनेलवर जाण्यापूर्वी किमान एक मिनिट नुसते ऐकत बसावे लागते. विमानतळ किंवा हवामान रडार जवळ असेल, तर व्हिडिओवरची बैठक मध्येच तुटण्याचे कारण हेही असू शकते.

दोन्ही दोष एकत्र असतात तेव्हा आधी रेंज दुरुस्त करावी. कोपऱ्यातले संथ उपकरण जलद बोलू लागले की ते हवा लवकर मोकळी करते आणि रांग आपोआप सरकू लागते. त्यानंतर चॅनेल बदलावा, एका वेळी एकच बदल करावा आणि मोजणी पुन्हा त्याच टेबलावर, त्याच रात्री दहाच्या वेळेला घ्यावी.