ख्रिस्ती स्वर्ग : ‘शेवटी काय’ आणि ‘तोवर काय’

कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि अनेक प्रोटेस्टंट चर्चेसमध्ये उपासनेच्या वेळी एक विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो याची जाहीर कबुली, मोठ्याने म्हटला जातो, निकेयाचा. त्याचं आजचं रूप इ.स. ३८१ सालच्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेशी जोडलं जातं. मूळ ग्रीक मजकुरात स्वर्गासाठीचा शब्द तीनदा येतो. देवाने स्वर्ग आणि पृथ्वी निर्माण केली, ख्रिस्त स्वर्गातून उतरला, ख्रिस्त स्वर्गात चढला. चौथ्यांदा तो यायला हवा होता तो शेवटच्या ओळीत, जिथे भक्त स्वतःबद्दल बोलतो. पण तिथे वेगळंच काही आहे : मृतांच्या पुनरुत्थानाची आणि येणाऱ्या युगातल्या जीवनाची आम्ही वाट पाहतो. ‘आम्ही मेल्यावर स्वर्गात जाऊ’ हे वाक्य त्या विश्वासांगीकारात नाही.

मग ढगांवरचं शहर, मोत्यांचं दार, तिथे आधीच पोचलेली आपली माणसं हे चित्र आलं कुठून? ते खोटं किंवा उपरं आहे असं नाही. पण ख्रिस्ती विचारात सुरुवातीपासून दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. एक, शेवटी काय होणार? दोन, तो शेवट येईपर्यंत मेलेली माणसं असतात कुठे? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात दोन हजार वर्षांत तुलनेने कमी फरक पडला. भांडणं, चित्रं, स्वप्नं, पोपचे हुकूम हे सगळं बहुतेक दुसऱ्या प्रश्नातून निघालं.

जुन्या कराराच्या बऱ्याच मोठ्या भागात या दोन्ही प्रश्नांना फारसं उत्तरच नाही. हिब्रू भाषेत आकाश आणि स्वर्ग यांना एकच शब्द आहे, शामायिम, आणि ते देवाचं निवासस्थान आहे, माणसाचं नव्हे. माणूस मेला की शिओलमध्ये जातो, ज्याला मराठी बायबल अधोलोक म्हणतं. चांगला असो वा वाईट, सगळे तिथेच. तिथे अंधार, स्तब्धता. तिथून देवाची स्तुतीसुद्धा करता येत नाही, अशी तक्रार स्तोत्रकर्ता करतो. हनोख आणि एलीया हे दोघे अपवाद, त्यांना देवाने थेट नेलं. दोन माणसांवरून नियम होत नाही.

बदल झाला तो इ.स.पू. दुसऱ्या शतकात. सिरियाचा ग्रीक राजा अँटिओकस चौथा याने इ.स.पू. १६७ च्या सुमाराला यहुदी धर्माचरणावर बंदी घातली, आणि जे मानले नाहीत त्यांना ठार मारलं. आता अडचण अशी की मेले ते देवाचे सर्वांत निष्ठावंत लोक. त्यांनाही तोच अधोलोक, आणि मारणाऱ्यालाही तोच? दानीएलच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात मातीत निजलेले पुष्कळ जण जागे होतील हे वचन याच काळातलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात तर सात भावांची गोष्ट आहे. राजा त्यांना एकेक करून छळून मारतो. तिसऱ्या भावाकडे जीभ मागितली जाते, तेव्हा तो ती लगेच बाहेर काढतो, दोन्ही हात पुढे करतो आणि म्हणतो की हे मला देवाकडून मिळाले, आणि ते त्याच्याकडूनच परत मिळतील अशी माझी आशा आहे. त्याला आत्म्याची सुटका नको आहे, हात परत हवे आहेत. ख्रिस्ती स्वर्गाची मुळं शोधायची तर मला ती या दोन हातांत सापडतात.

येशूच्या काळी हा वाद चालूच होता. यहुद्यांच्या दोन गटांपैकी परूशी पुनरुत्थान मानत, सदूकी मानत नसत. सदूकींनी एक खोचक प्रश्न विचारला : एका बाईची सात भावांशी एकामागून एक लग्नं झाली, तर पुनरुत्थानात ती कोणाची बायको? येशू म्हणाला, तेव्हा लग्न करत नाहीत, लग्न करून देत नाहीत, ती माणसं देवदूतांसारखी असतात. ‘सारखी’ म्हणाला, देवदूत होतात असं नाही म्हणाला. मेलेलं मूल देवदूत झालं ही समजूत लोकांची आहे, शास्त्राची नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानातलं ‘स्वर्गाचे राज्य’ हेही मेल्यावर जायचं ठिकाण नव्हे. इतर शुभवर्तमानं जिथे ‘देवाचे राज्य’ म्हणतात तिथे मत्तय बहुतेक वेळा हा शब्द वापरतो. आणि येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत ते राज्य इकडे यावं अशी मागणी आहे.

तरी ‘तोवर काय’ याला एक उत्तर येशूच्याच तोंडी आहे. शेजारच्या क्रुसावरच्या गुन्हेगाराला तो म्हणतो, आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. मराठीतल्या ‘सुखलोक’मागे ग्रीक शब्द आहे ‘पारादेइसोस’, आणि त्याच्यामागे जुना इराणी शब्द, अर्थ भिंतीने वेढलेली जागा, राजाची बाग. बायबलच्या ग्रीक भाषांतरकारांनी एदेन बागेसाठी तोच शब्द घेतला होता. मूळ हस्तलिखितांत विरामचिन्हं नव्हती, त्यामुळे ‘आज’ हा शब्द ‘मी तुला सांगतो’ याला जोडायचा की ‘असशील’ याला, यावर अजून वाद होतात. बहुतेक भाषांतरं दुसरा पर्याय घेतात. एका स्वल्पविरामावर माणसाची हजारो वर्षांची व्यवस्था अवलंबून असावी, ही मौजच आहे.

आद्य ख्रिस्ती प्रचारक पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला इ.स. ५० च्या आसपास लिहिलेलं पत्र नव्या करारातल्या सर्वांत जुन्या लिखाणांपैकी एक. तिथल्या लोकांची काळजी काय? प्रभू येण्याआधीच आमच्यातले काही मेले, आता त्यांचं काय? म्हणजे पंथाला वीस वर्षं झाली नाहीत तोच दुसरा प्रश्न दारात उभा. पौल म्हणतो, मेलेले आधी उठतील. करिंथकरांना तो दाण्याचं उदाहरण देतो : पेरतो ते एक, उगवतं ते दुसरं, तरी तेच. शरीर असेल, पण आध्यात्मिक शरीर. या दोन शब्दांची जोडी कशी लावायची यावर पुढच्या सगळ्या धर्मपंडितांनी डोकं खपवलं.

सोन्याचे रस्ते प्रकटीकरणाच्या, म्हणजे बायबलातल्या अखेरच्या पुस्तकाच्या, शेवटच्या दोन अध्यायांतून आले. हे दर्शन पात्म बेटावर झालं असं त्या पुस्तकात सांगितलंय, आणि ते पहिल्या शतकाच्या अखेरचं समजलं जातं. तिथली मापं काळजीपूर्वक वाचण्यासारखी आहेत. नवं यरुशलेम शहर लांबीला, रुंदीला आणि उंचीला सारखंच, १२,००० स्टेडिया, म्हणजे सुमारे २,२०० किलोमीटर. भिंत मात्र १४४ हात, साधारण ६५ मीटर. वास्तुरचना म्हणून हे हास्यास्पद आहे. पण शलमोनाच्या मंदिरातलं परमपवित्रस्थानही लांबी, रुंदी, उंचीला सारखंच होतं, प्रत्येकी २० हात. जिथे मुख्य याजक वर्षातून एकदाच जायचा ती खोली आता अख्ख्या शहराएवढी झाली, असं लेखक सांगतोय. म्हणून त्या शहरात वेगळं मंदिर नाही. बारा वेशी, प्रत्येक वेस एकेका मोत्याची, आणि त्या कधी बंद होत नाहीत. मोत्यांच्या दाराशी चौकशी करणारा कोणी बसलेला नाही. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ते शहर वरून खाली उतरतं. कोणी वर चढत नाही.

वर चढण्याचं जुनं आणि फार जिवंत चित्र उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या पर्पेतुआने मागे ठेवलं. ख्रिस्ती असल्याबद्दल इ.स. २०३ मध्ये तिला रिंगणात मारलं. वय बाविसाच्या आसपास, अंगावर पिणारं मूल. तुरुंगात पडलेलं स्वप्न तिने लिहून ठेवलं. आकाशाला टेकलेली पितळी शिडी, इतकी अरुंद की एका वेळी एकच जण चढेल. दोन्ही बाजूंना तलवारी, भाले, आकडे. पायथ्याशी अजगर, ती त्याच्या डोक्यावर पाय देऊन वर जाते. वर मोठी बाग, आणि पांढऱ्या केसांचा एक मेंढपाळ मेंढ्यांचं दूध काढत बसलेला. तो मान वर करून म्हणतो, आलीस मुली, बरं झालं. तो तिला दुधाच्या घट्ट गोळ्याचा एक घास देतो, ती ओंजळीत घेऊन खाते, भोवतीचे पांढऱ्या कपड्यांतले लोक ‘आमेन’ म्हणतात. त्या आवाजाने तिला जाग येते, तर तोंडात अजून काहीतरी गोड चघळणं चालू असतं. तिच्यानंतर साधारण पन्नास वर्षांनी, त्याच कार्थेजात साथीने माणसं मरत असताना बिशप सिप्रियनने लिहिलं की तिथे आपले आईबाप, भावंडं, मुलं आपली वाट पाहत आहेत. जिवलगांच्या भेटीचा स्वर्ग एकोणिसाव्या शतकातला भाबडेपणा आहे असं म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पाहावं.

विद्वान तेव्हा दुसरीकडे गुंतले होते. दुसऱ्या शतकात ल्योंचा इरिनियस याच पृथ्वीवरच्या हजार वर्षांच्या समृद्धीचं वर्णन करत होता, एकेका द्राक्षवेलीला दहा दहा हजार फांद्या. तिसऱ्या शतकातल्या ओरिगेनला हे फार ढोबळ वाटलं. पाचव्या शतकात ऑगस्टीनने ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या बाविसाव्या भागात मधली वाट काढली, आणि शंकाकुशंकांना कंटाळला नाही. आयुष्यभर कापलेले केस आणि नखं परत मिळणार का? मिळाली तर माणूस भयानक दिसेल! त्याचं उत्तर असं की मूर्तिकार जुनी मूर्ती वितळवून नवी ओततो तेव्हा धातू तोच असतो, पण नाकाचा धातू नाकातच जावा लागत नाही. बाळं पूर्ण वाढलेली उठतील, बायका बायकाच राहतील, हुतात्म्यांचे व्रण मात्र राहतील, कारण ते व्यंग नव्हे, मान आहे.

मध्ययुगात लक्ष शहरावरून आणि बागेवरून हटून एका क्रियेवर आलं : देवाला पाहणं. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने हे दर्शन हाच मोक्षाचा गाभा मानला. मग प्रश्न उरला की हे दर्शन होणार कधी? १ नोव्हेंबर १३३१ रोजी, सर्व संतांच्या सणाला, तेव्हा पोपचं ठाणं असलेल्या आव्हिन्योंमध्ये पोप जॉन बाविसावे यांनी प्रवचनात सांगितलं की संतांचे आत्मे अजून देवाला पाहत नाहीत. शेवटच्या न्यायापर्यंत ते ख्रिस्ताच्या मानवी रूपाच्या छायेत थांबले आहेत. जुन्या धर्मपित्यांकडे याला आधार होता. पण गदारोळ उठला, कारण संतांना अजून देवदर्शनच नसेल तर त्यांच्याकडे मध्यस्थी कशाला मागायची, हा प्रश्न आपोआप येतो. पॅरिसच्या पंडितांनी पोपविरुद्ध मत दिलं. नव्वदीच्या घरातल्या या पोपने, हे माझं वैयक्तिक मत होतं असं म्हणत, मृत्युशय्येवर ते मागे घेतलं आणि डिसेंबर १३३४ मध्ये प्राण सोडला. त्यांच्या जागी आलेल्या बेनेडिक्ट बाराव्यांनी २९ जानेवारी १३३६ रोजी फर्मान काढलं : ज्यांच्यात शुद्ध करण्याजोगं काही उरलं नाही ते आत्मे पुनरुत्थानाआधीच, ताबडतोब देवाला समोरासमोर पाहतात. पाश्चात्त्य चर्चपुरता ‘तोवर काय’चा निकाल लागला. पण ‘तोवर’मध्येच सगळं मिळालं, तर शेवटच्या दिवसासाठी काय उरलं? आपलं शरीर, असं उत्तर आहे, आणि ते तेव्हापासून जरा लंगडंच वाटत आलं आहे. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने इतका हिशेब मांडलाच नाही. तिथे त्याच शतकात ग्रेगरी पालामास म्हणत होता की देवाचं सत्त्व कोणालाच दिसत नाही, माणूस न्हाऊन निघतो तो त्याच्या प्रकाशात.

सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट धर्मसुधारणेने शुद्धिस्थान, म्हणजे स्वर्गाआधी आत्मे शुद्ध होतात ती जागा, काढून टाकलं तेव्हा मधला काळ पुन्हा उघडा पडला. मार्टिन ल्यूथर अनेकदा मृत्यूबद्दल गाढ झोपेसारखं बोलतो. डोळा लागला आणि उघडला, तर शेवटचा दिवस. कॅल्व्हिनने आत्मा झोपतो या मताविरुद्ध पुस्तकच लिहिलं, पण स्वर्गाचा नकाशा काढण्याची हौसही त्याला मान्य नव्हती. ल्यूथरचा खरा स्वर्ग मला त्याच्या एका पत्रात दिसतो. जून १५३० मध्ये कोबुर्गच्या किल्ल्यातून त्याने आपल्या चार वर्षांच्या मुलाला, हान्सला लिहिलं : मला एक सुंदर बाग ठाऊक आहे, तिथे मुलं सोनेरी डगले घालून झाडांखालची सफरचंदं, चेरी, आलुबुखार वेचतात, सोन्याचा लगाम आणि चांदीचं खोगीर असलेली छोटी घोडी त्यांच्याकडे आहेत. प्रार्थना केलीस, अभ्यास केलास तर तुलाही नेतील, आणि तुझ्या लेने मावशीलाही बरोबर आणता येईल.

पुढे दुर्बीण आली आणि ताऱ्यांपलीकडचा सर्वोच्च स्वर्ग आकाशाच्या नकाशातून गेला. जागा हरवली तसा तो अधिकच घरासारखा झाला. स्वीडनच्या स्वीडनबोर्गने १७५८ च्या पुस्तकात तिथली घरं, रस्ते, कामधंदे, लग्नंसुद्धा वर्णन केली. अमेरिकेच्या यादवी युद्धात लाखो तरुण मेल्यावर १८६८ मध्ये एलिझाबेथ स्टुअर्ट फेल्प्सची ‘द गेट्स अजार’ ही कादंबरी आली. भाऊ गमावलेल्या नायिकेला पाद्र्याचा स्तुतिगीतांचा कोरडा स्वर्ग नको असतो. तिची मावशी एका मुलीला तिथे पियानोही मिळेल असं सांगते. टीकाकारांनी नाकं मुरडली, वाचकांनी पुस्तक डोक्यावर घेतलं.

विसाव्या शतकात अभ्यासक पुन्हा प्रकटीकरणाकडे वळले. पुढे इंग्लंडमधले तेव्हाचे बिशप एन. टी. राइट यांनी २००८ च्या पुस्तकात स्वर्ग हा मुक्काम नसून थांबा आहे, शेवट नव्या पृथ्वीवर आहे, हे ठासून मांडलं. नवं काही नव्हतं, फक्त विसरलेलं होतं. त्याआधी पोप जॉन पॉल दुसरे यांनी जुलै १९९९ मध्ये सांगितलं की स्वर्ग म्हणजे ढगांतली जागा नव्हे, तर देवाशी जिवंत नातं. आणि १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात स्वर्ग समजण्यापलीकडचा आहे असं म्हणून लगेच शास्त्रातल्या प्रतिमा दिल्या आहेत : जीवन, प्रकाश, शांती, लग्नाची मेजवानी, राज्याचा द्राक्षारस, पित्याचं घर, स्वर्गीय यरुशलेम, सुखलोक. त्या यादीत ढग नाहीत, वीणाही नाही.