गंजिफा, सावंतवाडीची

हाताने रंगवून वर लाख चढवलेल्या गोल पत्त्यांचा संच, तसेच त्या पत्त्यांनी खेळायचा खेळ. कोकणात गंजिफा म्हटले की सावंतवाडी (जि. सिंधुदुर्ग) असेच समीकरण आहे. तेथे दोन प्रकार प्रचलित होते : १० रंगांची, १२० पानांची दशावतारी आणि ८ रंगांची, ९६ पानांची चंगकांचनी, म्हणजेच मोगल गंजिफा. दोन्हींत प्रत्येक रंगाची १२ पाने असतात : राजा, प्रधान (वजीर) आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा.

‘गंजिफा’ हा शब्द फार्सीतून आला, याविषयी फारसे दुमत नाही. ‘गंज’ म्हणजे खजिना, ही व्युत्पत्ती सर्वसाधारणपणे दिली जाते; शब्दाच्या उत्तरार्धाचा उलगडा मात्र समाधानकारक झालेला नाही. भारतातील सर्वांत जुना निःसंदिग्ध उल्लेख बाबरनाम्यात सापडतो : १५२७ मध्ये बाबराने सिंधमधील शाह हुसेन याला, त्याच्या आवडीचे म्हणून, गंजिफांचे संच धाडले. त्याच सुमारास इराणात अहली शिराझी या कवीने गंजिफेच्या पानांवर रुबाया रचल्या. एवढ्यावरून खेळ मोगलांबरोबर आला असे म्हणता येईल. परंतु अबुल फज्लच्या आईन-इ-अकबरीमुळे प्रश्न गुंतागुंतीचा होतो. जुन्या ज्ञात्यांनी बारा ही संख्या पायाभूत धरली होती असे सांगून तो अश्वपती, गजपती, नरपती, गढपती, धनपती अशा बारा रंगांची यादी देतो. नावे उघडउघड भारतीय आहेत. पत्त्यांचा खेळ मोगलांपूर्वीच येथे होता, असे मानणाऱ्यांचा मुख्य आधार हीच यादी. तथापि अबुल फज्लने नवी गोष्ट जुन्या परंपरेच्या नावाने मांडली असण्याची शक्यताही दृष्टिआड करता येत नाही.

दशावतारी गंजिफेबद्दलचा वाद आणखी वेगळा आहे. बंगालमधील विष्णुपूरच्या गोल पत्त्यांवर लिहिताना बंगाली विद्वान हरप्रसाद शास्त्री यांनी १८९५ मध्ये त्या खेळाला हजार-अकराशे वर्षांहून अधिक प्राचीनत्व दिले. एरवी नववा मानला जाणारा बुद्ध त्या संचात पाचव्या स्थानी येतो, हे त्यांचे प्रमाण. पण खेळातील रंगांचा क्रम सोयीने बदलू शकतो. त्यावरून काळ ठरवणे धोक्याचे. गंजिफांचे अभ्यासक रूडोल्फ फॉन लायडन यांनी दशावतारी संच हा मोगल संचाचे भारतीय रूप मानला, आणि अंतर्गत पुरावा त्यांच्या बाजूने झुकतो. दोन्ही प्रकारांत रंगाची पाने बाराच. दोन्हींत निम्म्या रंगांमध्ये राजा-प्रधानांखालोखाल दश्शी मोठी, तर उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा. सर्वांत बोलकी खूण मात्र डावाच्या आरंभाची आहे. चंगकांचनीत दिवसा सुर्ख (सोन्याचे नाणे, सूर्य) आणि रात्री सफेद (चांदीचे नाणे, चंद्र) या रंगाचा राजा ज्याच्याकडे तो डाव सुरू करतो. दशावतारीत हाच मान दिवसा रामाला आणि रात्री कृष्णाला. राम सूर्यवंशी, कृष्ण चंद्रवंशी! ज्याने ही अदलाबदल केली त्याला खेळ आणि पुराण दोन्ही मुखोद्गत होते. याला नुसती नक्कल म्हणणे अन्यायाचे होईल. सिंधुदुर्गातील दशावतारी नाटकाशी या पत्त्यांचा संबंध जोडला जातो, पण नामसाम्य हा पुरावा नव्हे.

सावंतवाडीत ही कला तेथील राजे तिसरे खेम सावंत (कार. १७५५–१८०३) यांच्या काळात, तेलंगणातून आलेल्या विद्वानांकरवी रुजली असे परंपरा सांगते. पाने रंगवण्याचे काम चितारी मंडळींचे. लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेली चितार आळी त्यांचीच.

पान घडवण्याची जुनी रीत अशी : जुनेर कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांवर चिकटवून वाळवायचे, त्यावर खडूचा लेप द्यायचा आणि दगडाने घोटून घोटून तो गुळगुळीत करायचा. मग चकत्या कापायच्या, रंगाची जमीन भरायची, चित्र काढायचे आणि शेवटी लाख चढवायची. लाख नीट बसलेले पान बोटांखाली निसटते लागते आणि पिसताना टणक, कोरडा आवाज करते. राजाच्या पानावर अवतार मखरात बसलेला, प्रधान बहुधा घोड्यावर. आकड्यांच्या पानांवर नुसती खूण तितक्या वेळा : मत्स्याला मासे, कूर्माला कासवे, वामनाला कमंडलू, परशुरामाला परशू. सत्तीवरचे सात मासे गोलात एकमेकांना न भिडता बसवावे लागतात, आणि चिताऱ्याचा हात तिथेच कळतो. दरबारी संचांत सोन्याचे काम असे. बाजारी संच ओबडधोबड, पण जोमदार रेषेचे. संच ठेवायला सरकत्या झाकणाची रंगवलेली लाकडी पेटी असते.

खेळ सहसा तिघांचा. दशावतारीत प्रत्येकाच्या वाट्याला ४० पाने येतात. हुकूम नसतो. ज्या रंगाची उतारी, त्याच रंगाचे सर्वांत मोठे पान हात जिंकते. त्यामुळे कोणती पाने पडून गेली हे लक्षात ठेवणे, हाच खरा खेळ. ‘नक्श’ हा पैशांवर खेळायचा प्रकार वेगळा.

छापील ५२ पत्ते स्वस्त झाल्यावर गंजिफेची मागणी आटली. विसाव्या शतकाच्या मध्यास सावंतवाडीत हे काम जाणणारे मोजकेच उरले होते. १९७० च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ही विद्या समजून घेतली आणि राजवाड्यातच कारखाना सुरू केला. आजही राजवाड्याच्या दालनात कारागीर पाने रंगवताना पाहता येतात. २०२४ मध्ये सावंतवाडी गंजिफेला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हैसूरच्या गंजिफेला ते त्याआधीच मिळाले होते. म्हैसुरात तिसरे कृष्णराज वडियार यांनी ३६० पानांपर्यंतचे खेळ रचले होते. सावंतवाडीची ओळख मात्र १२० पानांचा दशावतारी संच हीच राहिली. हल्ली ही पाने भिंतीवरच्या चौकटीत अधिक दिसतात. पेटीतला संच उघडून, दिवस आहे की रात्र हे पाहून, राम किंवा कृष्ण कोणाकडे आला असे विचारणारी घरे थोडी आहेत.