त्रामुंतानाच्या डोंगरवाटा आणि बससेवा

भूमध्य समुद्रातील मायोर्का या स्पॅनिश बेटाच्या वायव्य किनाऱ्याला लागून सुमारे ९० किमी. लांबीची चुनखडीच्या डोंगरांची रांग आहे. तिचे नाव सेरा दे त्रामुंताना. त्रामुंताना हे मूळचे उत्तरेकडून येणाऱ्या वाऱ्याचे नाव आहे आणि तो वारा पहिल्यांदा अंगावर घेणाऱ्या डोंगरांनाही तेच चिकटले. या रांगेत गावागावांना जोडणाऱ्या जुन्या पायवाटांचे दाट जाळे आहे. त्यांतल्या बऱ्याच वाटांच्या दोन्ही टोकांना सार्वजनिक बस थांबते, त्यामुळे एका गावी उतरून डोंगर ओलांडायचा आणि दुसऱ्या गावाहून बसने परतायचे, असा एका दिवसाचा प्रवास इथे सहज जमतो. स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्याला ती जिथे लावली तिथेच परत यावे लागते. या वाटा मात्र परत फिरण्यासाठी घातलेल्याच नव्हत्या. टपाल, तेल, कोळसा, बर्फ, यात्रेकरू असे सगळे त्यांवरून एका गावाहून दुसऱ्या गावी जात असे. त्या ज्या कामासाठी घातल्या, त्याच रीतीने चालायच्या असतील तर बसच हवी.

हे जमण्यामागचे कारण भूगोलात आहे. रांग अरुंद आहे. नैर्ऋत्येच्या आंद्राचपासून ईशान्येच्या पोयेन्सापर्यंत मा-१० हा एकच वळणावळणाचा रस्ता तिच्या अंगाने जातो. एस्तेयेन्क्स, बान्यालबुफार, वायदेमोसा, देया, सोयेर ही गावे याच रस्त्यावर माळेतल्या मण्यांसारखी ओवलेली आहेत. पायवाटा या रस्त्याला कधी समांतर जातात, कधी त्याला छेदून वर चढतात. त्यामुळे बहुतेक वाटा कुठे ना कुठे बसच्या मार्गाला येऊन मिळतात. सर्वोच्च शिखर पुच मायोर हे १,४०० मी.हून अधिक उंच आहे, पण त्यावर लष्करी तळ असल्याने माथा सर्वांना बंद आहे. चालणाऱ्यांना खुले असलेले सर्वांत उंच शिखर म्हणजे मासानेया, सुमारे १,३६५ मी.

बस सुटते ती राजधानी पाल्माच्या प्लासा देस्पान्या चौकाखालच्या भुयारी स्थानकातून. बेटांच्या प्रादेशिक परिवहन सेवेच्या लाल-पिवळ्या गाड्या तिथे रेल्वेच्या शेजारीच लागतात. वायदेमोसा व देया करत सोयेरला जाणारी २०३ क्रमांकाची गाडी चालणाऱ्यांच्या सर्वांत उपयोगाची. २०४ डोंगराखालच्या बोगद्यातून थेट सोयेरला जाते. ती लवकर पोचते, पण डोंगर दाखवत नाही. बोगदा १९९७ मध्ये खुला झाला. त्याआधी सोयेरला जायचे तर घाटरस्ता चढावा लागे किंवा १९१२ पासून धावणारी छोटी लाकडी डब्यांची रेल्वे पकडावी लागे. ही रेल्वे आजही चालते, मात्र आता तिच्यात प्रामुख्याने पर्यटकच दिसतात. बसमध्ये चढताना बँकेचे कार्ड यंत्राला लावायचे आणि उतरतानाही न विसरता लावायचे. उतरताना विसरले तर भाडे शेवटच्या थांब्यापर्यंतचे कापले जाते. बेटावरच्या रहिवाशांना २०२३ पासून त्यांच्या कार्डावर हा प्रवास मोफत आहे.

वाटांपैकी बिनियाराशची घळ पहिल्याने सांगायला हवी. सोयेरहून लागूनच असलेल्या बिनियाराश या छोट्या वस्तीत कपडे धुण्याचा जुना सार्वजनिक हौद आहे. त्याच्या बाजूने फरसबंद वाट घळीत शिरते. तिथून वर लोफ्रे खिंडीपर्यंत आठशे मीटरच्या आसपास चढ आहे आणि तो जवळजवळ सगळा दगडात बांधलेला आहे. सोयेर खोऱ्यातले भाविक याच वाटेने युकच्या मठाकडे जात. पाऊल टाकताना खाली नीट पाहिले तर बांधणाऱ्यांची हुशारी कळते. दर काही पावलांवर दगडांची एक ओळ जरा उंच आणि तिरकी बसवलेली आहे. पावसाचे पाणी वाटेवरून सुसाट न धावता त्या ओळीला अडून कडेला वळते आणि वाट वाहून जात नाही. चढणाऱ्या माणसाच्या व खेचराच्या पायाला तीच ओळ आधार देते. एका दगडाकडून दोन कामे करून घेतलेली आहेत.

घळीच्या दोन्ही बाजूंना ऑलिव्हच्या मजग्या, म्हणजे उतारावर पायऱ्यांसारखी रचलेली शेते आहेत, थेट कड्याच्या पायापर्यंत. एवढ्या उभ्या उतारावर एखाद्या झाडापुरती सपाट जमीन मिळवायला माणसाच्या उंचीची भिंत बांधलेली दिसते. या भिंतींना तिथे मार्ज म्हणतात आणि त्या बांधणाऱ्या कारागिराला मार्जेर. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. कोकणातला गडगा ज्याने पाहिला आहे त्याला हे काम परके वाटणार नाही. दर्शनी दगड हातोडीने घडून एकमेकांत घट्ट बसवतात, मागे बारीक दगडांची भर घालतात आणि भिंत किंचित आत, डोंगराकडे झुकती ठेवतात. पाणी फटींतून झिरपून जाते, म्हणून मागे दाब साचत नाही. भिंत ढासळलीच तर त्याच दगडांनी पुन्हा उभी करता येते. मायोर्कात मार्जेरांना शिकवून तयार करण्याचे काम सरकारी पातळीवर होते, आणि वाटांची दुरुस्ती हीच शिकाऊंची शाळा ठरली. सुक्या दगडाच्या बांधकामाची ही कला स्पेनसह आठ युरोपीय देशांच्या नावे २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. खुद्द डोंगररांग त्याआधी २०११ मध्येच सांस्कृतिक भूदृश्य म्हणून जागतिक वारसा ठरली होती. ‘सांस्कृतिक’ हा शब्द इथे नेमका आहे, कारण निसर्ग म्हणून जे डोळ्यांना दिसते त्यातले निम्मे तरी हातांनी रचलेले आहे.

ही घळ वरून खाली उतरावी हे उत्तम. त्यासाठी सोयेर बंदराहून युककडे जाणारी डोंगरातली बस धरून कूबेर तलावाशी उतरायचे. तलाव सुमारे ७५० मी. उंचीवर आहे आणि पाल्मा शहराला पाणी पुरवतो. काठाने खिंडीपर्यंत हलका चढ, मग सोयेरपर्यंत उतारच उतार. एकूण साधारण चार तास. अडचण एकच, पण मोठी : ही बस साधारण एप्रिल ते ऑक्टोबर एवढीच धावते आणि दिवसाकाठी तिच्या फेऱ्याही मोजक्या. चालण्याचा खरा हंगाम मात्र ऑक्टोबर ते मे. जुलै-ऑगस्टमध्ये चुनखडीचा खडक तापतो, झरे आटतात आणि घळीत सावली फारशी उरत नाही. वेळापत्रक समुद्रकिनाऱ्यावरच्या पर्यटकांकडे पाहून बेतलेले आहे आणि चालणाऱ्यांची त्यात उपेक्षा होते, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. हिवाळ्यात आलेल्याने बिनियाराशहून वर चढून त्याच वाटेने परतावे. उन्हाळ्यात वायदेमोसा व देया इथल्या थांब्यांवर उलटी तऱ्हा असते. गाडी पाल्मातूनच भरून येते आणि मधल्या थांब्यावरचे लोक तसेच उभे राहतात. म्हणून सकाळची पहिली गाडी पकडावी आणि परतीची शेवटची गाडी हिशेबात धरू नये.

बारमाही बसवर सहज जमणारी वाट म्हणजे एस्पोर्लेस ते बान्यालबुफार. तिचे नावच टपालवाट. पत्रे घेऊन जाणारा माणूस याच वाटेने ये-जा करी. अंतर सुमारे ८ किमी., अडीच-तीन तासांचे. सदाहरित ओकच्या गर्द रानातून जाताना मधेच गोल, सपाट, शेवाळलेले दगडी चौथरे लागतात. ते कोळसा पाडणाऱ्यांच्या भट्ट्यांचे. कोळसेवाले कुटुंबासकट उन्हाळाभर रानात राहत. लाकूड रचून, मातीने झाकून ते आतल्या आत धुमसत ठेवायचे आणि दिवसरात्र राखण करायची, एवढे जोखमीचे ते काम. घरोघरी गॅस आल्यावर हा धंदा विसाव्या शतकाच्या मध्यानंतर संपला. उंच शिखरांवर तशाच बर्फकोठ्यांचे अवशेष आहेत. हिवाळ्यात पडलेला बर्फ खड्ड्यात तुडवून, थरांमध्ये गवत घालून झाकत आणि उन्हाळ्यात रात्रीच्या गारव्यात खेचरांवर लादून पाल्माला नेत. टपालवाट रानातून बाहेर पडते तेव्हा समोर बान्यालबुफारच्या मजग्या थेट समुद्रापर्यंत उतरलेल्या दिसतात. बेटावर ९०२ ते १२२९ या काळात मुस्लिम सत्ता होती. झऱ्याचे पाणी पाटांनी हौदांत आणि हौदांतून पाळीपाळीने शेतांत सोडण्याची पद्धत त्या काळातली मानतात.

वायदेमोसा ते देया ही वाट माथ्यावरून जाते. ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक लुडविग साल्वाटोर १८६७ मध्ये बेटावर प्रथम आला. इथे त्याने जमिनी घेतल्या आणि घोड्यावरून हिंडण्यासाठी कड्याच्या धारेवर रस्ता बांधून घेतला. तो आज त्याच्याच नावाने ओळखला जातो. डाव्या हाताला खाली समुद्र आणि वर घिरट्या घालणारे काळे गिधाड, हे दृश्य इथे दुर्मिळ नाही. या गिधाडाची युरोपातली बेटावर टिकलेली एकमेव वसाहत मायोर्कात आहे. ओढ्यांच्या खोल घळींत फेरेरेत नावाचा चिमुकला बेडूक राहतो. नर अंड्यांची माळ स्वतःच्या मागच्या पायांना गुंडाळून सांभाळतो. १९७७ मध्ये त्याचे वर्णन झाले ते जीवाश्मांवरून. तो नामशेष झाला असेच तेव्हा समजत होते, आणि काही वर्षांतच तो जिवंत सापडला.

या सगळ्या तुकड्यांना जोडणारी लांब पल्ल्याची वाट म्हणजे जी. आर. २२१, अर्थात सुक्या दगडाची वाट. ती आंद्राचच्या बाजूने निघून पोयेन्साला संपते. वाटेत बेटाच्या परिषदेची मुक्कामाची ठिकाणे आहेत. सोयेर बंदराजवळचे मुलेता हे त्यांतले एक, दीपगृहाच्या शेजारी, पूर्वीच्या तारकचेरीत. शेवटचा टप्पा युकच्या मठापासून पोयेन्सापर्यंत जवळजवळ सगळा उताराचा आहे. पाल्माहून रेल्वेने इंका आणि तिथून बसने युक गाठले, तर संध्याकाळी पोयेन्साहून पाल्माची बस मिळते.

त्रामुंतानातली बहुतांश जमीन खाजगी आहे. जुनी वाट सार्वजनिक की मळेवाल्याची, यावरचे तंटे वर्षानुवर्षे चालतात. काही फाटके बंद आहेत, काही ठिकाणी परवाना लागतो, तर मासानेयाच्या नेहमीच्या वाटेवर मळ्यात प्रवेशशुल्क घेतात. आंद्राच ते एस्तेयेन्क्स या भागात याच कारणाने वाटेच्या खुणा सलग नाहीत. जिथे फाटक अडवते तिथे चालणारे मा-१० वर उतरतात, पुढच्या थांब्यावर बसची वाट पाहतात आणि एक-दोन गावे सोडून पुन्हा डोंगरात शिरतात.